पाचवीचा जिताडा

आश्विनातली सकाळ खाडीवर उतरली ती हळदीच्या पाण्यानं न्हालेल्या बाळंतिणीसारखी. पिवळी, ओलसर, आणि कुठल्याशा अपार वेदनेतून नुकतीच सुटून आलेली.

अवसेचं उधाण चढत होतं. मंद, मृदू, मातकट पाणी खाजणाच्या चिखलावरून पुढे सरकत होतं. चिखलातल्या निवट्या माशांची बिळं भरत होतं, तिवरांची वर आलेली मुळं बुडवत होतं, बांधापलीकडच्या पिकत्या भाताचा वास हुंगत होतं. गाय नुकत्या जन्मलेल्या वासराला चाटते, तसं ते काठाला चाटत होतं. हेच पाणी दुपारी दात दाखवणार होतं. पण सकाळी ते नुसती जीभ होतं.

खाडीच्या मध्यावर एका जुन्या बंदराचा मोडका धक्का होता. पूर्वी इथे गलबतं लागत, मीठ चढे, कौलं उतरत. आता धक्का खचला होता आणि त्याचे खांब तेवढे उरले होते, काळे, वाकलेले, नखशिखान्त कालवं ल्यालेले. भरतीत त्यांचे माथे पाण्यावर दिसत, ध्यानस्थ जोग्यांसारखे. पण पाण्याखाली प्रत्येक कालवाच्या शिंपल्याची कड म्हणजे एक पातं होतं, आणि ते सगळं मिळून एक पात्यांचं अरण्य होतं. त्या अरण्याच्या सावलीत जिताडा राहतो, खाडीतल्या माशांचा राजा.

त्या सावलीपासून हाकेच्या अंतरावर एक होडी नांगरून उभी होती आणि तीत तिघे सोबती होते. नाळेवर हसुराम, हातात गळाची दोर घेऊन. मध्ये वल्ह्यांशी धाया, वडाच्या बुंध्यासारखा, हसला की होडी हलवणारा. आणि मागे, नांगराच्या दोराजवळ, जोमा. जोमा हसुरामच्या बायकोचा, कुंदाचा, पाठचा भाऊ. पण मेव्हणा तो नंतर झाला. त्याआधी तिघेही एकाच चिखलात रांगलेले, एकाच ओहोटीत चिंबोऱ्यांमागे धावलेले, एकाच बांधावर मार खाल्लेले.

हसुराम नव्यानं बाप झाला होता. आज पाचवी होती.

तिवरपाड्याची रीत जुनी होती, समुद्राच्या मिठाइतकी जुनी. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, सटवाई त्याच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहायला येते. तिच्यापुढे ठेवायचं ते जिताड्याचं डोकं. जाळ्यातला जिताडा तिला चालत नाही, बाजारातला तर नाहीच नाही. गळाला लागलेला हवा, आणि बापानं एकट्याच्या हातानं ओढून आणलेला हवा. सोबत्यांनी होडी धरावी, वल्हं धरावं, वेळ आली तर बापाची कंबर धरावी. दोर मात्र धरू नये. ती दोर म्हणजे त्या मुलाचं आयुष्य. ते बापानंच ओढायचं.

हसुराम याआधीही एकदा बाप झाला होता.

तेव्हा तुफान होतं. खाडी उसळून बांधावर चढली होती, होड्या माडांना बांधल्या होत्या, आणि पाचवी काही कुणासाठी थांबत नव्हती. हसुराम बाजारात गेला आणि जिताडा घेऊन आला. बर्फातला, गार, डोळे पांढरे पडलेला. तो त्यानं सटवाईपुढे मांडला. बारशाचा पाळणा न बघताच ते मूल गेलं.

पाड्यातल्या एकाही ओठानं त्या बाजारच्या माशाचा उच्चार केला नाही. म्हणूनच तो मासा हसुरामच्या छातीत अजून पडून होता, गार, न वितळणारा.

लाल फडक्यातलं ते इवलं ओझं त्यानं बांधाच्या टोकापर्यंत एकट्यानं नेलं होतं. सांज कलली होती, वाट निसरडी होती, आणि वाटेत जोमानं दोन्ही हात पुढे केले होते. "दे, जरा मी घेतो." हसुरामनं दिलं नाही. पुढे चालत राहिला. पण मागे वळून न बघताही त्याला ते दिसत राहिले, ते दोन हात, रिकामे, पसरलेले, संध्याकाळच्या उजेडात तसेच राहून गेलेले.

आणि आता मुलगी झाली होती. वेखंडाच्या, दुधाच्या, ओव्याच्या धुरीच्या वासाची. तळव्याएवढी पाठ, पाकळीएवढे कान, आणि मुठी अशा घट्ट मिटलेल्या की जणू येतानाच कुठून तरी काही चोरून आणलंय.

मासा मिळाला नाही तर... हा विचार त्यानं पूर्ण होऊ दिला नव्हता. तो उमटला की तिथेच त्याचा गळा दाबत होता.

"डोलं बघ याचं," धाया म्हणाला. "उकडल्या कोलंबीवानी झाल्यान."

"पोर झोपू देत नाय."

"पोर झोपते," जोमा मागून बोलला. "यो झोपत नाय. रातभर तिच्या नाकाशी बोट धरून बसतो. श्वास हाय का बघतो. कुंदा बोल्ली मना."

हसुरामनं गळाचा काटा अंगठ्यावर घासून बघितला. धायानं बादलीत हात घालून आमिषाचा एक जिवंत बोयट मासा काढला, रुपेरी, तडफडता, आणि उन्हात धरला.

"हा घे. तुझ्यापरीस देखणा हाय. जिताडा याच्यावर भालला तर मना दोष देऊ नको."

तिघे हसले. हसू पाण्यावरून तिवरांपर्यंत गेलं आणि तिथले बगळे उडाले. मग हसुरामनं बोयटाच्या पाठीतून गळ ओवला. काटा आत शिरताना एक बारीक, ओला आवाज आला, आणि हसणं संपलं.

गळाची ती नायलॉनची दोर, तंगूस, पाण्यात सुटली. पांढुरकी, चिवट, दुधाच्या धारेसारखी. तिचं हातातलं टोक हसुरामनं उजव्या पंज्याला गुंडाळलं. एक वेढा. दुसरा वेढा.

"हाताला वेढा नको देऊ," जोमा म्हणाला. "बोटांवरनं जाऊ दे."

"निसटतो."

"निसटला तर दुसरा येल. हात दुसरा येत नाय."

हे खाडीवरचं पहिलं शहाणपण होतं, अ-आ-ईच्या आधीचं. दोर वाहू द्यावी. दोरीला हात बांधू नये. हसुरामनं ते ऐकलं, समजलं, आणि तिसरा वेढा दिला.

ऊन डोक्यावर आलं. उधाण भरलं. पाण्याला पुढे जायला जागा उरली नव्हती आणि मागे फिरायला मन होत नव्हतं. भरती आणि ओहोटीच्या मधला तो एक रोखलेला श्वास. त्यात वारा थांबला, पानं थांबली, होडीखालची चुळचुळ थांबली. खांबांचे माथे उन्हात तळपत राहिले. सारी खाडी एखाद्या झोपलेल्या मुलाच्या नाकाशी बोट धरून बसल्यासारखी निश्चल झाली.

मग श्वास सुटला. पाणी फिरलं.

आणि जिताडा लागला.

धक्का बसला तो हाताला नाही, खांद्याला नाही, थेट बेंबीला. हसुराम गुडघ्यांवर आपटला. त्याची हनुवटी होडीच्या काठावर आदळली, तोंडात रक्ताची चव आली, आणि तंगूस अशी किंचाळली की धायानं कानांवर हात ठेवले. दूरवर पाणी फाटलं. त्या फटीतून तो वर आला, आख्खा, उभा, ऊन पांघरलेला. पितळी पाठ, चांदीचं पोट, कल्ल्यांची लाल कवाडं सताड उघडी. त्यानं डोकं झाडलं, कल्ले ढालींसारखे वाजले, आणि तो पुन्हा पाण्यात कोसळला. खाडीच्या अंगावर जणू भिंत पडली.

"आई गं," धाया पुटपुटला. "पोरीपरीस मोठा हाय."

जिताडा मोकळ्या पाण्याकडे पळाला नाही. तो घराकडे पळाला. पात्यांच्या अरण्याकडे.

ओहोट त्याच्या पाठीशी होती. सकाळची ती जीभ आता जबडा झाली होती. पाणी खेचत होतं, ओरबाडत होतं, काठाची माती तोडून नेत होतं. आणि होडी नांगरून उभी होती. एका बाजूला चिखलात रुतलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूला पिसाटलेला मासा, आणि दोहोंच्या मधोमध हसुरामचा हात.

तंगूस ताणली. पहिला वेढा कातडीत गेला. दुसरा वेढा मांसात गेला. तिसरा वेढा कुठे गेला ते हसुरामला कळलं नाही. फक्त पंजा आधी पांढरा झाला, मग जांभळा, मग लाल, आणि ते लाल मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून खाडीत ठिबकू लागलं. वेदना मोठी होती, पण वेदनेच्या पुढे काही तरी उभं होतं आणि ते अधिक मोठं होतं. लाल फडकं. चिखलाची वाट. गार मासा.

धायानं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "सोर, हसू. दोर सोर."

"सुटत नाय," हसुराम म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "सोरायची नाय."

जोमानं कोयती उपसली.

हसुरामनं ती पाहिली. पातं उन्हात वर गेलं, आणि आभाळाला एक चीर पडल्यासारखं लखलखलं. एका घावात तंगूस तुटेल. हात वाचेल. मासा जाईल. आणि दिवेलागणीला पाटावर काहीच नसेल, आणि कोरं कपाळ घेऊन ती मुलगी...

"तोडू नको," तो म्हणाला. त्यानं ओरडायला हवं होतं, पण आवाज कुजबुजण्याइतकाच निघाला. "जोमा. पाया पडतो. तोडू नको."

कोयती खाली आली. तिनं नांगराचा दोर तोडला.

तो नांगर जोमाच्या बापाचा होता. बाप गेल्यावर बापाचं म्हणून तेवढंच जोमाकडे राहिलं होतं. तो चिखलात राहिला, आणि होडी, बंधमुक्त, बेभान, तिघांना पोटात घेऊन ओहोटीच्या जबड्यात शिरली.

आता मासा होडी ओढत होता आणि ओहोट दोघांना. हातावरचा ताण सैलावला, पण खांब धावत समोर आले. ध्यानस्थ जोग्यांनी डोळे उघडले. ओसरत्या पाण्यातून त्यांच्या छात्या वर येत होत्या, कमरा वर येत होत्या, आणि अंगावरची हजारो पाती पाणी गाळत चमकत होती. दोर एकदा त्या पात्यांना घासली की संपलं.

धायानं वल्ही मारली. तो धाया, जो हसण्यावाचून दुसरं काही करत नाही असं पाड्याला वाटे, त्यानं दात खाऊन, मान फुगवून, छातीतून रेड्यासारखा हुंकार काढत वल्ही मारली आणि होडी मासा आणि खांब यांच्या मधे घुसवली. लाकूड खांबावर आपटलं. फळी कडाडली. होडी कलंडली, पाणी आत आलं. दुसऱ्या आदळण्याआधी धायानं वल्हं टाकलं आणि आपला उघडा दंड, आपला पंजा, आपलं सगळं वजन त्या कालवांवर रेटून धरलं. पाती आत शिरली. त्याच्या दंडाची साल निघाली, तळवा उभा चिरला, आणि तो म्हणाला, "ओढ, हसू. माझं मास काय परत येल, तू ओढ."

हसुरामनं ओढलं.

वावभर दोर आत आली. वावभर परत गेली. मासा खाली गेला, वर आला, होडीखालून गेला, पलीकडून निघाला. रक्त आणि पाणी आणि घाम एकच झाले. खारट, उष्ण, आंधळे. हसुरामच्या कानांत एकच आवाज होता आणि तो खाडीचा नव्हता. मध्यरात्री जाग आल्यावर येणारा, ओठ चोखण्याचा, इवला, अधीर, भुकेला आवाज होता तो. प्रत्येक ओढीला तो आवाज त्याला ओढत होता.

मग हातानं ऐकणं सोडलं.

बोटं मिटेनात. त्यानं त्यांना सांगितलं, विनवलं, शिव्या घातल्या. ती मेलेल्या कोळंबीसारखी वाकून राहिली. जिताडा होडीकडे वळला तशी दोर क्षणभर ढिली पडली, आणि रक्तानं बुळबुळीत झालेला एक वेढा निघाला. मग दुसरा. मासा पुन्हा फिरला. डाव्या हातातून तंगूस जळत, चिरत, सरसरत गेली. उजव्याला एक वेढा उरला. एकच. तोही सरकत होता, बोटांच्या पेरांकडे, नखांकडे, पाण्याकडे.

हसुरामनं मान वळवली.

जोमा त्याच्या बाजूला गुडघ्यांवर होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले होते. दोरीखाली, दोरीपासून बोटभर अंतरावर, रिकामे, पसरलेले. रीत त्यालाही ठाऊक होती, म्हणून ते हात दोरीला शिवत नव्हते. नुसते होते. बांधावरच्या त्या संध्याकाळी जसे होते, तसेच. जणू ते तेव्हापासून कधी खाली आलेच नव्हते.

आणि हसुरामच्या छातीतला तो गार मासा एकदा हलला.

"धर, जोमा," तो म्हणाला. "घे."

जोमानं धरलं.

तंगूस त्याच्या तळव्यांत बुडाली आणि त्याच्या तोंडून हुंकारही निघाला नाही. "धाया, तू पण," हसुराम म्हणाला. धाया खांब सोडून आला, त्यानं चिरलेला हात दोरीला घातला. तीन माणसांचं रक्त एका दोरीवरून एका दिशेनं वाहू लागलं. आता ओढणं ओढणं राहिलं नाही, झोका झाला. मागे, पुढे. मागे, पुढे. कण्हत, कुंथत, एका श्वासात, एका वेणेत. आणि मासा आला.

तो काठावरून आत आला तेव्हा होडी लहान झाली. त्यानं शेपटानं बादली उडवली, धायाची नडगी फोडली, कल्ल्याच्या कडेनं जोमाची मांडी उघडली. तो हार मानत नव्हता. हवेलाच चावत होता. धायानं दांडकं उचललं आणि डोक्यात घातलं. एकदा. मासा उसळला. दुसऱ्यांदा. खवले उडून हसुरामच्या गालाला चिकटले, थंड नाण्यांसारखे. तिसऱ्या घावाला ते मोठं अंग एकदा थरथरलं, शेपटापासून ओठांपर्यंत, झोपेत मूल दचकतं तसं, आणि निजलं.

कुणी आनंदानं ओरडलं नाही. तिघे त्याच्या भोवती गुडघ्यांवर बसून राहिले. हसुरामनं डावा हात माशाच्या कपाळावरून फिरवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

होडी काठाला लागायच्या आधी धाया म्हणाला, "आपण तिघंच होतो. खाडी कुणाला सांगत नाय."

जोमा पाण्याकडे बघत होता. हसुराम माशाकडे.

दिवेलागणीला दारात बायका जमल्या होत्या. हसुरामची आय आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती, आणि तिच्यामागे, आतल्या खोलीत, बाजेवर कुंदा होती. लाल फडक्याच्या त्या दिवसानंतर तिनं एकदाही, एका शब्दानंही, बाजारच्या माशाचं नाव काढलं नव्हतं. तिघे मासा बांबूला टांगून अंगणात आले. रीतीचा प्रश्न आयनं रीतीच्या स्वरात विचारला.

"कुणाच्या हातानं आयला?"

रीतीचं उत्तर ठरलेलं होतं. बापाच्या. एकच शब्द, आणि ताट ओवाळलं गेलं असतं. धायानं खाली बघितलं. जोमानं श्वास घेतला तो सोडला नाही.

"तिघांच्या," हसुराम म्हणाला.

बांगड्या थांबल्या. वारा थांबला. आयच्या ताटातली ज्योत वाकली, आणि वाकलेलीच राहिली. अंगणात कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघवेना. हसुराम उभा होता, फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून, आणि आज जी कुठली शिक्षा लिहिली जाईल ती आपल्या कपाळी लिहिली जावी एवढंच तो मागत होता.

आतून कुंदाचा आवाज आला. बाळंतिणीचा, बसका, दमलेला.

"मंग तिघांच्याबी हातांना हलद लावा, आत्याबाय."

ताट आयच्या हातातच राहिलं.

"मागच्या खेपेला हे एकलेच होते," कुंदा म्हणाली.

आयनं ताट खाली ठेवलं. ती आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. तिनं आधी जोमाचे तळवे उघडले, मग धायाचा, शेवटी आपल्या लेकाचा. ओली, ताजी, दाहक हळद तिनं त्या चिरांमध्ये भरली, बोटानं, एकेक चीर, शेतात बी पेरावं तशी. धायाच्या डोळ्यांत पाणी आलं. "झोंबतं," तो म्हणाला, आणि उंबऱ्यापाशी कुणी तरी हुंदक्यासारखं हसलं.

पाटावर जिताड्याचं डोकं मांडलं. समईच्या उजेडात त्याचे डोळे पेटले, लालसर, सोनेरी, विझायला तयार नसलेले. त्यांच्यासमोर सगळे दिवे फिके.

पाळणा बारशाला बांधायचा. तोवर कुंदाच्या जुन्या लुगड्याची झोळी होती, आढ्याला टांगलेली, आणि तिला एक दोर होती. मुलगी रडली तेव्हा हसुरामनं ती दोर घेतली. त्याच्या बोटांना ती पेलेना. त्यानं ती मधे धरली, आणि जोमा पुढे आला, आणि धायानं भिंतीला टेकून खाली बसत तिचं टोक धरलं.

तीन हात, हळदीचे, रक्ताचे, एका दोरीवर. झोळी गेली, झोळी आली. बाहेर खाडीत नांगर चिखलात एकटा होता, आणि त्याच्यावरून पाणी पुन्हा चढू लागलं होतं, जिभेनं जिभेनं, हळूहळू. झोळी गेली. झोळी आली. लुगड्याच्या घडीतून एक मूठ वर आली, मिटलेली, पाकळीएवढी, आणि झोक्याच्या एका टोकाला, काही न मागता, उघडली.